खिशात मावेल असा कॅमेरा

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

श्रीमंत,

सकाळी सातच्या एसटीने नगरला गेले. तीन दुकानांत कॅमेरे पाहिले. घेतला एकही नाही. चार वाजता घरी आले. आबांसाठी झाकून ठेवलेलं ताट तसंच होतं. गरम करून वाढलं, त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन गाडीत स्पीकरवर असतो आणि तुझे मेसेज तुझ्याआधी तुझ्या प्रचाराचं बघणारा पार्थ वाचतो. परवा मी आबांच्या पोटाच्या तक्रारीचं सांगत होते, तर मागून कोणीतरी "इसबगोल द्या अक्का" म्हणालं. कागद तरी तू एकटा वाचशील असं वाटतं.

तू म्हणालास, "अक्का, खिशात मावेल असा एक कॅमेरा घे. फोटो आणि व्हिडिओ दोन्ही चांगले आले पाहिजेत. आमची पोरं मोठा कॅमेरा घेऊन आली की आबा तोंड फिरवतात. तू जवळ बसून सहज काढ. 'श्रीमंतानं झेडपीला उभं राहावं ही हिची शेवटची इच्छा होती', एवढं त्यांच्या तोंडून आलं की झालं. आईच्या वर्षश्राद्धाला पडद्यावर दाखवू."

पहिल्या दुकानातल्या मुलाने विचारलं, "चॅनेल कुठलं मॅडम?"

"चॅनेल नाही. वडिलांचा व्हिडिओ काढायचा आहे."

"ओके, इमोशनल," तो म्हणाला.

त्याने एक कॅमेरा दांडीवर लावला. मुठीएवढा. त्याची मान आपोआप वळते. "एकदा चेहरा पकडला की सोडत नाही, बघा," म्हणाला. मी डावीकडे सरकले, तो वळला. मी खांबाआड गेले. बाहेर आले तर तो तिथेच टपून होता, पुन्हा माझ्यावर आला. भिंतीवरची पाल किड्याकडे बघते तसा. मला शिसारी आली.

दुसऱ्या दुकानात त्यांनी माझाच फोटो काढून दाखवला. तिशीतली कोणी बाई होती. सुरकुत्या गेलेल्या, ओठाजवळचा तीळ गेलेला. तो तीळ आईलाही होता. मी विचारलं, हे बंद होतं का. दुकानदार म्हणाला, "होतं, पण बंद कशाला करायचं? लेडीज तर मागून घेतात." तिसऱ्या दुकानात काडेपेटीएवढा होता, मोटारसायकलवाले हेल्मेटला लावतात तो. त्यात भिंतीवरचं कॅलेंडर धनुष्यासारखं वाकलेलं दिसलं. शिवाय अंधारात त्याला दिसत नाही. आबा पडवीच्या कोपऱ्यात बसतात, तिथे एका खिडकीचाच उजेड आहे.

मी हे तुझ्या पडद्यासाठी करत नाही. आई गेल्यापासून आबा या घरात बोलत नाहीत. कदाचित कॅमेऱ्यासमोर बोलतील, एवढ्यासाठी गेले.

अक्का


शनिवार, १५ नोव्हेंबर

श्रीमंत,

शाळा सकाळची होती. दुपारी आबांना दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही नाही, बोलतं करा.

पत्र मिळाल्यावर तुझा फोन आला. "अक्का, तुझं नेमकं दुखतंय काय?" आणि गाडीत कोणीतरी हसलं. मी फोन ठेवला. आता सांगते. जानेवारीपासून सांगितलं नाही, कारण मला भांडता येत नाही.

प्रवरासंगमला आईचा दशक्रिया विधी होता. घाटावर मी पोहोचले तेव्हा पाण्याच्या बाटल्यांचे खोके उतरवत होते. प्रत्येक बाटलीवर आईचा फोटो आणि त्याच्याखाली हात जोडलेला तू. माणसं पाणी प्यायची आणि बाटली टाकून द्यायची. भाषणं संपेपर्यंत आईचा चेहरा सगळ्या पायऱ्यांवर पडला होता. कोणी त्यावर चपला काढून ठेवल्या होत्या. मी वेचायला लागले, तर पार्थ म्हणाला, "अक्का, फ्रेममध्ये येताय तुम्ही."

पिंड ठेवला तेव्हा वर ड्रोन होता. दत्तोपंत गुरुजींनी दोनदा सांगितलं की ते यंत्र काढा, पक्षी येणार नाही. पार्थ म्हणाला, "गुरुजी, शॉट चालूय." गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

कावळे होते. पलीकडच्या चिंचेवर बसले होते, चांगले दहा-बारा. एखादा उडायचा, अर्ध्यातून परत फिरायचा. आपल्यात मग एकेक जण पुढे होऊन गेलेल्या माणसाला शब्द देतो. मामा म्हणाले, पोरांना अंतर देणार नाही. मी म्हटलं, आबांची काळजी करू नकोस. मग आबा उठले. तू तेव्हा फोनवर होतास, म्हणून तुला ठाऊक नसेल. आबांनी कोपरीच्या खिशातून तंबाखूची पिशवी काढली, पाण्यात सोडली आणि म्हणाले, "घे. सोडली. आता तरी जा." पंचेचाळीस वर्षं आई त्या पिशवीवरून त्यांच्याशी भांडली.

कावळा आला नाही. आबा तसेच उभे राहिले, मुंडण केलेलं डोकं उन्हात, आणि चिंचेकडे बघत राहिले.

मग तुम्ही प्रवचनाला बोलावलेल्या महाराजांनी माइक घेतला. म्हणाले, माउलीचा जीव कशात अडकला आहे ते आम्हाला माहीत आहे, श्रीमंतराव, शब्द द्या. तू पुढे झालास. "आई, मी झेडपीला उभा राहतो." आणि थोड्या वेळाने कावळा आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दशक्रियेत टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या.

मी ड्रोनवाल्या पोराच्या शेजारी उभी होते. तू शब्द दिलास त्याच सुमाराला तो पार्थला म्हणाला, "बॅटरी गेली, उतरवतो." त्याने उतरवला आणि कावळा आला. एवढंच झालं.

तो व्हिडिओ तुम्ही बासरी लावून सगळीकडे पाठवला. ड्रोनचा आवाज त्यात नाही. आबांना तसंही कमी ऐकू येतं, त्या दिवशी त्यांना वर काही आहे हे कळलंच नव्हतं. शेजारच्या निकिताने त्यांना तो फोनवर लावून दिला. तेव्हापासून रोज बघतात. मी ड्रोनचं सांगितलं, तर म्हणाले, "मी डोळ्यानं पाह्यलं की."

आता तुला कळलं असेल माझं काय दुखतं. नसेल कळलं तरी लिहून झालं.

अक्का


रविवार, ३० नोव्हेंबर

श्रीमंत,

काल कॅमेरा घेतला. आज आबांचा व्हिडिओ काढला. संध्याकाळी पुसून टाकला.

आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या नीलांबरीबाई शिर्डीला राहतात. त्यांच्या ओळखीच्या दुकानात गेलो. भाविकांचे फोटो काढणारे लोक तिथे जुने कॅमेरे विकून जातात. एक साबणदाणीएवढा मिळाला. बटण दाबलं की भिंग बाहेर येतं, काम झालं की आत जातं. एका बटणाने फोटो, दुसऱ्याने व्हिडिओ. मी माझ्या हाताच्या पंजाचा फोटो काढून पाहिला. शिरा जशा आहेत तशा आल्या. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात नीलांबरीबाईंना बोलतं केलं आणि व्हिडिओ काढला. चेहरा दिसला, आवाज दुकानातल्या पंख्याच्या वर आला. आवाज मला फोटोपेक्षा महत्त्वाचा होता.

दुकानदार ओशाळून म्हणाला, "बाई, आधीच सांगतो, हा फोनला जोडता येत नाही. लगेच कुठं टाकता यायचं नाही."

"म्हणूनच घेते," मी म्हटलं.

नीलांबरीबाई मला एसटीत बसवताना म्हणाल्या, "तुम्ही आज पहिल्यांदा कोणाला तरी टोमणा मारलात." मी टोमणा मारला नव्हता.

सकाळी आबांच्या समोर बसले. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि आपणहून विचारलं, "श्रीमंताचा निरोप हाय का? काय म्हनायचं?"

मी तुझं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. ते बदलायचा मला हक्क नव्हता. आबांनी टोपी घातली, पाठ सरळ केली आणि तलाठ्यासमोर बोलावं तसं ते वाक्य म्हणून दाखवलं. एकदाही अडखळले नाहीत. चांगलं आलं होतं. तू खूश झाला असतास.

मग विचारलं, "आलं का नीट?"

"आलं."

"न्हाई, खोटं न्हाई ते. खरंच हाय." कॅमेरा चालूच होता. "माझी तंबाकू तिला लागली न्हाई, अक्का. मी म्हनलं, आता जाईल, एवढ्यासाठी जल्मभर भांडली. तर न्हाई. तिच्या मनात इलेक्शन हुतं. एका खाटंवर झोपलो आमी, आन मला पत्त्या न्हाई."

श्रीमंत, आई गेल्याचं दुःख माणसाला सोसतं. आबा त्यानं खचलेले नाहीत. बायको आपल्याला कधी कळलीच नाही, असं ते धरून बसले आहेत, आणि ते त्यांना तुझ्या ड्रोनच्या बॅटरीने शिकवलं.

व्हिडिओ पुसला. तुझं वाक्यही त्यातच गेलं. तू आरडाओरडा करशील. कर. मला तुझ्या आवाजाचीच आता शिसारी आहे, तो मोठा असो की लहान.

अक्का


रविवार, १४ डिसेंबर

श्रीमंत,

आज आबांना घेऊन प्रवरासंगमला गेले. शेजारच्या कानिफनाथभाऊंची गाडी होती. त्यांना घोडेगावच्या ओळखीच्या दलालाकडे गाय बघायला जायचं होतं, जाताना आम्हाला सोडलं, येताना घेतलं. दुपारी दोनला घरी.

सातवीला मी प्रयोग शिकवते, तेव्हा सांगते की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. तेच केलं. तीच जागा, तीच वेळ, दहीभाताचा गोळा. फक्त वर काही नव्हतं आणि कोणी बोलणार नव्हतं.

दत्तोपंत गुरुजी घाटावरच होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाई, हे कुठल्या विधीत बसत नाही. मी मंत्र म्हणणार नाही."

"मंत्र नकोच आहेत."

"मग मला कशाला विचारता? भात टाकायला कोणाची बंदी आहे?" असं म्हणाले आणि जायच्या ऐवजी दोन पायऱ्या वर बसून राहिले.

आबांना वाटलं, मी काहीतरी नवस फेडते आहे. मी त्यांना पायरीवर बसवलं. गोळा दगडावर ठेवला, कॅमेरा दुसऱ्या दगडावर टेकवून चालू केला आणि मागे झाले. तो इतका लहान आहे की कावळ्याला तो दगडच वाटला असेल. मी आबांपर्यंत पोहोचले नव्हते तोच मागे पंख वाजले. वळून पाहिलं तर दोन कावळे भातावर, तिसरा बाजूला वाट बघत. एकाने तर जाता जाता भिंगावर चोच मारली.

आबा उठून उभे राहिले. "कुनी काय शबूद दिला?" त्यांनी विचारलं.

"कोणीच नाही."

"तू मनात दिला असशील."

"नाही आबा. मी मनात सेकंद मोजत होते."

ते गुरुजींकडे वळले. "गुर्जी, आसं शिवतो व्हय? न बोलता?"

गुरुजी म्हणाले, "आबा, कावळ्याला भूक असते. त्या दिवशीही होती. वर ते यंत्र घुरघुरत होतं. मी दोनदा सांगितलं, माझं कोण ऐकतो? त्या यंत्राला दक्षिणा माझ्यापेक्षा जास्त होती."

आबा हसले नाहीत. पायरीवर बसले. मी कॅमेरा आणला आणि त्यांच्या शेजारी बसून त्यांना ते परत दाखवलं. पडदा काडेपेटीएवढा आहे. मला आणि त्यांना डोकी अगदी जवळ आणावी लागली. त्यांच्या अंगाला तंबाखूचा वास येत नव्हता, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. त्यांनी तीनदा बघितलं. मग पाण्याकडे वळून बसले, आणि मी बटण पुन्हा दाबलं. त्यांना न सांगता दाबलं. हे मला स्वतःचंच आवडलं नाही, पण दाबलं.

"म्हंजे तिला काय पायजे हुतं ते कळलंच न्हाई," आबा म्हणाले.

"नाही."

"माझी तंबाकू उगाच गेली म्हन की."

गुरुजी वरून म्हणाले, "परत सुरू करा. माझ्याकडे आहे."

आबांनी हात पुढे केला. खरंच केला. गुरुजींनी डबी काढली. मग आबांनी हात मागे घेतला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ती सोड म्हनत हुती ते खरंच हाय ना. जिती हुती, चुलीपुढं बसून सांगत हुती. ऐकायचं तवा ऐकलं न्हाई आन मेल्यावर कावळ्याला इचारीत बसलो. मी बी शानाच."

मग तुझ्याबद्दल जे बोलले ते इथे लिहीत नाही. ते तुला त्यांच्या तोंडूनच ऐकायला लागेल. शिव्या आहेत, पण सगळ्या शिव्या नाहीत.

गाडीत ते कानिफनाथभाऊंशी गायीच्या दातांवरून घर येईपर्यंत वाद घालत होते. त्यांचा आवाज ऐकून भाऊंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

सगळं कॅमेऱ्यात आहे. तुला आबा बोलताना हवे होते, ते आहेत. ये आणि बघ.

अक्का


शनिवार, २७ डिसेंबर

श्रीमंत,

सकाळी पार्थ आला. चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला. दुपारी शेवग्याच्या फांद्या तोडून घेतल्या.

तू येशील असं आबांना वाटलं होतं. गाडीचा आवाज त्यांना ऐकू येत नाही, पण धूळ दिसली तसे ते टोपी घालून ओट्यावर आले. उतरला पार्थ. म्हणाला, "अक्का, फक्त कार्ड द्या. दादा बैठकीत आहेत."

मी म्हटलं, त्यात त्याच्या कामाचं काही नाही.

"असं कसं? आबा 'तिला काय पाहिजे होतं' असं कुठंतरी बोललेत ना? दादांनी पत्र वाचून दाखवलं. तेवढं घेऊ. त्याच्यापुढं दादांचं भाषण जोडू. मागं बासरी. कोणाला कळतंय अक्का?"

हे तो माझ्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, माझ्या हातचा चहा पिताना बोलला. चांगल्या घरचा मुलगा आहे. त्याला त्यात काही वाईट दिसत नव्हतं.

आणि श्रीमंत, माझं पत्र तू वाचून दाखवलंस. किती जणांना?

आबांनी पार्थला जवळ बोलावलं. "त्याला म्हनावं, बापाची फित पायजे तर बापाशेजारी बसून बघ. हितं, या खाटंवर. आन येताना त्यो बासरीवाला आनू नगं."

पार्थ हसला. एरवी मलाही हसू आलं असतं.

कार्ड मी देणार नाही. तुला भीती असेल की मी ते दुसऱ्या कोणाला देईन. तुझ्या विरोधात उभा राहणार आहे त्या माणसाचा परवा शाळेत फोन आला होता. गुरुजींकडून किंवा कानिफनाथभाऊंकडून त्याला कळलं असावं. अतिशय गोड बोलला. "ताई, सत्य लोकांसमोर आलं पाहिजे," म्हणाला. त्याच्याही मागे कोणीतरी ऐकत होतं, मला श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, माझा तास आहे. तो तुझ्यासारखाच आहे, फक्त त्याच्याकडे कावळा नाही.

मला सत्य लोकांसमोर आणायचं नाही. लोकांचा त्याच्याशी काय संबंध? ते एका म्हाताऱ्याला कळायला हवं होतं, त्याला कळलं. दुसरा ज्याला कळायला हवं तो तू. तिसरा कोणी नाही.

अक्का


गुरुवार, १५ जानेवारी २०२६

श्रीमंत,

परवा आईचं वर्षश्राद्ध झालं. तू मंगल कार्यालयात केलंस, आम्ही घरी. मी पुरण घातलं होतं. आबा दोन पोळ्या जेवले. ते येणार नाहीत हे मी तुला आठ दिवस आधी कळवलं होतं.

तुझ्या इथे काय झालं ते निकिताने येऊन सांगितलं. पडदा मोठा होता. त्यावर घाटाचा तोच व्हिडिओ लागला, बासरीसकट. कावळा बैलाएवढा दिसत होता म्हणे. तू माइकवर सांगितलंस की आबांची तब्येत बरी नाही, त्यांचा आशीर्वाद घेऊन आलो आहे. आबा त्या वेळी कानिफनाथभाऊंच्या गोठ्यात नव्या गायीला नावं ठेवत होते. मी त्यांना हे सांगितलं नाही. निकिताने सांगितलं. ते म्हणाले, "आशीर्वाद घेऊन गेला म्हन. कुठनं घेतला?" आणि पुन्हा गायीकडे वळले. मला त्या पडद्याची, त्या पंगतीची, पुन्हा छापलेल्या त्या बाटल्यांची इतकी किळस आली की निकिताने आणलेला प्रसादाचा लाडू मी खाऊ शकले नाही. तिला वाईट वाटलं. तिचा काही दोष नव्हता.

काल दुपारी तुझा फोन आला. मी शाळेच्या व्हरांड्यात होते. स्पीकर नव्हता, हे लगेच कळलं. तुझा आवाज लहान झाला होता. तू विचारलंस, "अक्का, आईचा चालता-बोलता व्हिडिओ आहे का गं तुझ्याकडे? पार्थनं कार्यक्रमासाठी सगळ्यांचे फोन शोधले. कोणाकडेच नाही."

मी नाही म्हटलं. खरंच नाही. लग्नांच्या व्हिडिओत ती पंगतीत वाढताना पाठमोरी आहे, एवढंच. तुला कुठे वापरायला हवा होता की नुसता बघायला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस का, हे मला ठरवता आलं नाही.

मग म्हणालास, "आबांचं ते बघायला येतो." मी म्हटलं, एकटा ये. "बघतो," म्हणालास. हा शब्द तू लोकांना अर्ज परत देताना वापरतोस, म्हणून मी आबांना काही सांगितलेलं नाही. त्यांना पुन्हा टोपी घालून ओट्यावर बसायला लावणार नाही.

पण कार्ड जपून ठेवलं आहे, आणि त्याची प्रत काढलेली नाही. तू आलास तर मी चहा ठेवून बाहेर जाईन. त्यात आबा तुझ्याबद्दल जे बोलले आहेत ते दोघांनी बघायचं आहे, तिघांनी नाही.

आबा गोठ्याकडे गेलेत. घरात कोणी नाही. त्यांच्या कोपरीचं वरचं बटण तुटलं आहे. उजेड आहे तोवर ते लावून टाकते.

अक्का